तलावातल्या घाणीचा देखणा फोटो

निवृत्तीनंतर माणसं तीर्थयात्रा करतात. मी कॅमेऱ्याची लेन्स घेतली. समोरच्या माणसाच्या पापण्या मोजता याव्यात असं सगळं ठळक यायचं आणि त्यामागचं जग लोण्यासारखं वितळून जायचं. पहिला महिनाभर मी घरातल्या प्रत्येक वस्तूमागचं घर वितळवत बसलो. तांब्या ठळक, स्वयंपाकघर गायब. बायको म्हणाली, "भांडे घासाचे पडले हायेत. ते बी गायब होतेत का पाहा."

अशा दिवसांत गावातली शिंगाडेवाली मावशी आली. आमच्या नव्या घरामागे गावचा तलाव आहे. ती ढिवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या घरची, दरवर्षी त्या तलावात शिंगाड्याचे वेल सोडते आणि थंडीच्या तोंडावर डोंग्यात बसून शिंगाडे तोडते. तिचं वर्ष त्यावर चालतं.

"गुरुजी, तलावाचा फोटू काढून द्या जी," ती म्हणाली. "तोंडानं सांगून सांगून थकली मी. ग्रामसेवक म्हनते, अर्जाले फोटू जोडा. पावसाचं पानी लागाच्या आत तलाव साफ नाई झाला तं वेल कुठी सोडू? मांगच्या साली अर्धे सडले."

मी म्हणालो, "असा काढतो मावशी, की पाहणारा हलला पाहिजे."

हलला, पण दुसऱ्याच दिशेला.

संध्याकाळी आम्ही काठावर गेलो. उन्हाळ्यानं पाणी आत सरकलेलं आणि काठ उघडा पडलेला. काळा, बुळबुळीत, वर फेस. कोंबडीवाल्यानं टाकलेली पिसं, लहान पोरांचे वापरलेले डायपर, गुटख्याच्या पुड्या, पोट फुगून उलटी झालेली एक मासळी आणि त्या सगळ्यावर माश्यांचा थर. पाय ठेवला की खालून बुडबुडा यायचा आणि त्याच्याबरोबर असा वास, की दुपारचं वरण घशाशी आलं. तीस वर्षं मी शाळेत स्वच्छतेवर भाषणं दिली. ती देताना मला ओकारी आली नव्हती, यावरून ती कशी असतील ते समजा.

तरीही मी काय केलं? गेल्या सालचा सडका वेल मावशीच्या हातात दिला, तिला काठावर उभं केलं आणि तिच्या बोटांवर फोकस धरला. सूर्य मागून, तिरपा. बटण दाबलं.

पडद्यावर पाहिलं आणि वास विसरलो. मावशीच्या हाताची एकेक रेघ दिसत होती, आणि तिच्या मागे हिरव्या मखमलीवर सोनेरी गोळे तरंगत होते. लहान, मोठे, एकमेकांत मिसळलेले. दिवाळीत कुणी पाण्यात दिवे सोडावेत तसे. काळा गाळ रेशमासारखा झाला होता. दहा हातांवरची घाण कोसभर लांब वाटत होती.

यात जादू काही नाही. लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं की मागचा चकाकणारा प्रत्येक ठिपका फुगून त्याचा गोल होतो. तो ठिपका दवाचा की गुटख्याच्या पुडीचा, हे काच विचारत नाही. विचारायचं काम माणसाचं, आणि त्या वेळी माणूस स्वतःवर खूश होता.

मावशीनं फोटो पाहिला. "माहा हात मस्त आला," ती म्हणाली. मग फोटोवर बोट फिरवत, "घान कुठी हाय जी?"

"मागे आहे ना."

"मले तं दिसत नाई."

"जाणकाराला कळतं," मी म्हणालो. हे वाक्य आठवलं की अजून स्वतःची किळस येते.

जाणकार म्हणजे ग्रामसेवक. त्यानं फोटो पाहिला आणि खुर्चीत मागे टेकला. "गुरुजी, हा आपला तलाव? वाटत नाई बा." त्यानं तो गावाच्या ग्रुपवर टाकला, खाली 'आपला सुंदर तलाव' असं लिहून. दिवसभर अंगठे येत राहिले आणि मी प्रत्येकाला हात जोडून उत्तर देत राहिलो. मावशीचा अर्ज परत आला. तलाव चांगला दिसून राहिला, मग तक्रार कायची?

अर्ज हातात घेऊन ती आमच्या दारात आली. ओरडली नाही. "तुमाले फोटू काढा म्हटलं होतं, गुरुजी. तुमी तं तलावाले पावडर लावली."

दुसऱ्या दिवशी मी भर उन्हात गेलो. सगळं जवळून दूरपर्यंत ठळक यावं म्हणून लेन्सचं तोंड बारीक केलं. गुडघाभर गाळात उतरलो. नाकाला रुमाल बांधला होता, तरी वास तोंडातून आत जात होता. पोटरीवर काहीतरी वळवळलं. काय ते पाहिलं नाही.

घरी येऊन फोटो मोठा केला. माश्यांचे पाय दिसत होते, डायपरवरचे डाग दिसत होते. आणि डाव्या कोपऱ्यात, जिथे पहिल्या फोटोत सगळ्यात मोठे सोनेरी गोळे होते, तिथे चंदेरी मुलाम्याच्या कागदी पत्रावळींचा ढीग होता. गुलाबी किनारीच्या. त्या मी नागपूरहून मुद्दाम आणल्या होत्या, आमच्या नव्या घराच्या वास्तुशांतीच्या जेवणासाठी. उष्टं उचलणाऱ्याला मी म्हणालो होतो, "मागे कुठेतरी टाकून दे."

नवा फोटो बघायला आलेली मावशी खांद्यामागून पाहत होती. मी हळूच तो कोपरा कापायला लागलो.

"राहू द्या तो," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"तुमच्याच घरी जेवली न मी. त्याच पत्रावळीवर. तुमच्या हातून फोटू काढाले काहून आली, वाटलं?"

फोटो कोपऱ्यासकट अर्जाला जोडून गेला. ग्रामसेवकानं तो मोठा केला, पत्रावळीपाशी थांबला आणि माझ्याकडे पाहिलं. तोही जेवायला होता. "साफ करू," तो म्हणाला, "पन सुरुवात कोन्या कोपऱ्यातून करू, गुरुजी?"

रविवारी मी फावडं घेऊन त्या कोपऱ्यात उतरलो. पहिला थर उचलला. खाली पत्रावळी एकमेकींना चिकटून लगदा झाल्या होत्या आणि त्या लगद्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. आमच्याच बुंदीवर पोसलेल्या. मी फावडं टाकून काठावर ओकलो.

मावशी घमेलं घेऊन बाजूला उभी होती. तिनं पाण्याची बाटली पुढे केली, मी चूळ भरेपर्यंत थांबली.

"झालं? चला मंग," ती म्हणाली. "वेल सोडाले आठच दिवस हायेत."