उंदरांच्या शेपट्या

काल नातीला परीकथा वाचून दाखवत होते. पुन्हा धाकटी राजकन्याच गुणी आणि थोरल्या दोघी कपटी! मी पुस्तक मिटलं. असल्या गोष्टींची मला किळस येते.

हमरापूरला आमचा गणपतींचा कारखाना होता. मूर्ती घासता घासता बाबा अशाच गोष्टी सांगायचे आणि धाकटीचं नाव निघालं की माझ्याकडे बघून हसायचे. शेजारी थोरली ताई श्वास रोखून मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करत असायची. मी नुसत्या उंदरांच्या शेपट्या रंगवायचे, त्याही वेड्यावाकड्या.

एकदा पेणचे एक व्यापारी मूर्तीपुढे थबकले. "डोळे कोणी काढले हो?"

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आमच्या धाकटीनं. काय हात हाय पोरीचा!"

ताईचा ब्रश हवेतच थांबला. मी 'नाय' म्हणेन म्हणून ती माझ्याकडे बघत राहिली. व्यापाऱ्यांनी कौतुकानं पेढा दिला. रंगानं माखलेल्या बोटांनी मी तो तिच्यासमोरच खाल्ला. ताईनं मान खाली घालून पुढच्या मूर्तीचे डोळे आखायला घेतले.

तेव्हा मी अगदी लहान होते, असं मी सगळ्यांना सांगते. चांगली चौदा वर्षांची होते.