कुत्र्याच्या पोटातला बाबा

मालवणजवळ देवबागात आमच्या पडवीत त्या सकाळी माझा नवरा एका प्लॅस्टिकच्या कुत्र्याशी साहेबासारखा बोलत होता... 'नमस्कार बाळ सई. मी तुझे बाबा बोलत आहे. आजीला त्रास देऊ नकोस, अभ्यास करत जा.' सई तेव्हा धड अडीच वर्षांचीही नव्हती!

२००४ च्या आसपासची गोष्ट. नवरा बोटीवर कामाला, म्हणजे वर्षातले बरेच महिने समुद्रावर. त्या खेपेला तो घरी आला तर सई दाराआड लपली, आणि कितीतरी दिवस त्याच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाही. तो सगळ्यांसमोर हसत होता, 'सवय नाही तिला' म्हणत होता... पण मग विहिरीवर जाऊन उगाचच पुन्हा पुन्हा तोंड धूत बसायचा. मला कळत होतं.

सुट्टी संपत आली तेव्हा कुठे ती त्याच्या मांडीवर बसायला लागली. बॅग भरता भरता तो एकदाच बोलला, "परत येतलंय, तेवा परत पयल्यापासून..."  

लग्नाआधी मी आयटीआयला रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला होता. माझं तारा जोडायचं सोल्डरिंगचं सामान तेव्हापासून ट्रंकेत पडून होतं. भावाला मुंबईत फोन केला आणि आवाज रेकॉर्ड करणारं एक छोटं सर्किट मागवलं... वीस सेकंद आवाज राहायचा त्यात, बॅटरी काढली तरी पुसला जायचा नाही.

सईचा लाडका कुत्रा मी चुलीशेजारी बसून खोलला. आतली भुंकायची पट्टी काढली, नवं सर्किट बसवलं, स्पीकर होता तोच ठेवला. सासूबाई मासे साफ करता करता म्हणाल्या, आता भुंकायचं कामसुद्धा माझ्याच मुलाकडे दिलंस का! पण जागा अडवली म्हणून एका शब्दाने बोलल्या नाहीत हो. कुठली सासू सुनेला स्वयंपाकघरात सोल्डरिंग करू देते?

तर रेकॉर्डिंग. आमच्याकडे माणूस घरात मालवणी बोलतो, पण समोर सरकारी टेबल आलं की ताठ होऊन पुस्तकातलं मराठी काढतो. माइकसमोर नवऱ्याचं तेच झालं. मी पुसायचे, तो परत बोलायचा, आणि दर खेपेला जास्तच तहसीलदार व्हायचा... शेवटी निघायची वेळ झाली आणि तो 'नमस्कार बाळ सई'च कुत्र्याच्या पोटात राहिला.

तो गेल्यावर सईने बटण दाबलं. नीट ऐकलं... आणि कुत्रा खाली ठेवून पातेल्याशी खेळायला गेली. मी 'बाबा, बाबा' करून दाखवत होते, तिला काही घेणंदेणं नव्हतं. तिचा भुंकणारा कुत्राही गेला होता, आणि बाबाही आला नव्हता.

सासूबाईंनी एकदा कुत्रा कानाला लावला आणि तोंड वाकडं केलं, पोटच्या मुलाचा आवाज ओळखू न आल्यासारखं. "हो माझो झील न्हय गो, हो खंयचो तरी सायब. पुसून टाक. फोनार तो माणसासारखो बोलता, थंयसून घे."

फोनवरून आवाज घ्यायचा मला धीर होईना. नवं रेकॉर्ड केलं की जुनं जाणार, आणि फोनवरचं नीट आलं नाही तर? साहेबी असला तरी घरात त्याचा तेवढाच आवाज होता... त्यात बोट कुठल्या बंदराला लागेल तेव्हाच फोन यायचा, आणि तोही मधेच कट व्हायचा.

एका दुपारी फोन वाजला. मी कुत्र्याचं पोट उघडलं आणि माइक रिसीव्हरला चिकटवला. बोलत सासूबाईच होत्या... त्याला बांगड्याचं विचारलं, शेजाऱ्यांच्या होडीचं सांगितलं. मग हळूच म्हणाल्या, सई फोनची बेल ऐकून दाराआड लपली आहे. मी रेकॉर्डचं बटण दाबलं.

तो खळखळून हसला. "सई गो, खंय लपलंस? भायर ये बघया..." पुढे खरखर, आणि फोन कट.

ती खरखरसुद्धा तशीच ठेवली मी. सईने ते ऐकलं आणि बटण सोडेचना. जेवताना तेच, झोपताना तेच... महिनाभरात मला दुसऱ्यांदा सेल बदलावे लागले. नवऱ्याला मात्र आम्ही दोघींनी यातलं काहीच सांगितलं नाही. उगाच सांगितलं आणि तो परत ताठ झाला तर?

पावसाच्या आधी तो घरी आला. रिक्षा दारासमोरच्या खळ्यात थांबली आणि सई पळत जाऊन थेट दाराआड... मागच्यासारखीच.  त्याने बॅग पडवीत ठेवली, जवळ गेला नाही, तिथूनच हाक मारली.

"सई गो, खंय लपलंस?"

 मग ती बाहेर आली, त्याच्याकडे न बघता कोपऱ्यातला कुत्रा उचलला, उलटा करून त्याचं पोट बघितलं... मग बाबाकडे बघितलं. आणि स्वयंपाकघराच्या दिशेने ओरडली,

"आजी गो, बाबा भायर इलो!"

तो बूट काढायला टेकला, तर त्याआधीच ती त्याच्या मांडीवर जाऊन बसली होती. त्या दिवशी तोंड धुवायला तो विहिरीवर गेला नाही, सगळ्यांसमोर बसून रडला. आम्हीही रडलो.

सोल्डरिंग मला येत होतं, पण 'पुसून टाक' म्हणायची छाती माझी नव्हती... ती आईंची, माझ्या सासूबाईंची. आई, देव बरा करो तुमचा.