नळीवरची बोटं

आमच्या बाबांनी, म्हणजे धावड्याच्या रखमाजींनी, आजोबांच्या शिकारीच्या रायफलीनं आयुष्यात एकही शिकार केली नाही. मक्यात रानडुकरं शिरली की हवेत बार काढायचा, एवढंच. एकदा शेजारच्या उषाबाईंची पाण्याची टाकी तेवढी फुटली. हवेतला नेम टाकीला कसा लागला, हे गावाला आजही कळलेलं नाही. पण त्या रायफलीचे लाड असे, की तेवढे माझेही कधी झाले नाहीत. तिला तेल, तिला मऊ फडकं, तिला कुलपाचं कपाट.

आणि या लाडकीचं वाटोळं केलं ते आमच्या मायनं, म्हणजे पुष्पाबाईंनी. दसऱ्याला शस्त्रपूजा असते. माय नारळाच्या पाण्यात हळद कालवायची आणि उजव्या हाताची बोटं नळीवर ठसठशीत ओढायची. पूजेची हळद त्या दिवशी पुसायची नाही, हा तिचा कायदा. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या बाबा तेलाचा बोळा घेऊन धावायचे, पण तोवर ओल लोखंडात उतरलेली असायची. दरवर्षी तीच जागा, तीच बोटं. काळ्याभोर नळीवर बोटांचे तांबूस डाग कायमचे बसले.

"बापाची निशाणी खाऊन टाकली हिनं," असं बाबा गावभर सांगत फिरायचे. "एकदा पॉलिश करून आणतो, मंग हात लावू देणार न्हाई."

"मंग काय बिनापूजेची ठेवायची?" माय तोडून टाकायची.

गेल्या उन्हाळ्यात मायच्या अंगावरून वारं गेलं. वाचा परत आली, पाय ओढत का होईना चालते, पण उजवा हात गेला तो गेलाच. दसरा जवळ आला तसा विषय तिनंच काढला. "अवो, ती बंदूक एकदाची पॉलिश करून आणा. माझ्या माघारी लोक म्हणतील, हिनं खराब केली."

मी बाबांना घेऊन संभाजीनगरला गेले. बंदुकीच्या कारागिरानं नळी उजेडात फिरवून पाहिली. "वरचा थर घासून काढू, त्यावर नवा काळा मुलामा चढवू. बिलकुल नव्यासारखी होईल."

"हे डाग?" बाबांनी विचारलं.

"एक पण राहणार नाही, काका."

बाबांनी आपली बोटं त्या डागांवर ठेवून पाहिली. मायची बोटं बारीक, यांची जाडजूड, बसेनात. "मंग राहू द्या," ते म्हणाले आणि रायफल उचलली. माझं डोकंच फिरलं. वर्षानुवर्षं माझ्या आईला बोल लावला आणि आता राहू द्या! परतीच्या वाटेवर मी बोलत होते आणि ते खिडकीबाहेर बघत होते.

घरी माय माझ्याहून भडकली. "म्हंजे मी जल्मभर ऐकूनच घ्यायचं का? काढून टाका म्हन्ते ना मी!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाबांनी रायफल तिच्या खाटेवर आडवी ठेवली. "तू सारवायची ती जमीन फरशीखाली गेली. तू लिंपलेली भिंत पाडून आपण इटा लावल्या. तुझा उजवा हात या घरात येवढ्याच जागी राह्यलाय. त्यो बी घासून टाकू का?"

मला बाबांवर इतकी माया आली की मी चहा ठेवायचं निमित्त करून उठले.

दसऱ्याला मायनं डाव्या हातानं हळद कालवली. रेघा वाकड्यातिकड्या उठल्या, एक तर लाकडी दस्त्यापर्यंत घसरली. बाबा नळी धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीसारखे तेलाचा बोळा घेऊन बसले. हळदीच्या अलीकडची नळी पुसली, पलीकडची पुसली आणि बोळा डब्यात टाकला.

"अवो," माय खाटेवरून म्हणाली, "मधलं पुसायचं राह्यलं."

"दिसून राह्यलं मला," बाबा म्हणाले आणि त्यांनी रायफल तशीच कपाटात ठेवली.