टोपलीतला पेंढा

भाईंदरच्या गोडदेवात आमच्या घरापुढे सासऱ्यांचा जुना ट्रक उभा असायचा. लष्कराच्या लिलावातून घेतलेला. मिठागरावरचं मीठ आणि भातकापणीनंतर पेंढा, एवढंच तो वाहायचा. बांधला होता मात्र कुठल्याशा थंड मुलखासाठी, कारण केबिनमध्ये चक्क हीटर होता. इंजिनाचं गरम पाणी एका डब्यात फिरायचं आणि डब्यामागचा छोटा पंखा ती ऊब पायांवर आणि समोरच्या काचेवर फेकायचा. भाईंदरात हीटर म्हणजे टकल्याला कंगवा, असं सगळा गाव म्हणायचा. मीही हसायचे. पण थंडीत घोडबंदरच्या रस्त्याला खाडीचं धुकं चढलं, की काच साफ ठेवायला तोच पंखा कामी यायचा.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. माझा पहिला मुलगा तान्हा होता आणि त्याची छाती घरघरत होती. ठाण्याच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. आमचे हे ठाण्याच्या एका तबेल्याला पेंढा पोचवायला निघालेच होते, म्हणून मीही ट्रकमध्ये चढले. सासूबाईंनी टोपलीत पेंढा घालून वर जुनं लुगडं अंथरलं, त्यात बाळाला निजवलं आणि टोपली माझ्या पायांशी ठेवली.

“हितंच र्‍हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “हितं ऊब हाय.”

उजाडलं होतं, पण चेणे गावाच्या पुढे धुकं इतकं दाटलं की रस्त्याची कडही दिसेना. त्यात पंख्याचा आवाज बसला. काच आतून पांढरी झाली. ह्यांनी डॅशबोर्डवर बुक्की मारली, पंखा जोरात फिरला आणि वळणावर पुन्हा मेला. मी पदराने काच पुसत होते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि समोर काय आहे ते देवालाच ठाऊक. तिसऱ्या बुक्कीनंतर ह्यांनी नाक वर केलं.

“काहीतरी जळतंय.”

मागे ट्रकभर वाळका पेंढा होता. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि एवढंच म्हणाले, “पोराला घे आनि लांब जा. मी हाक मारीपर्यंत येऊ नको.”

मी बाळाला उचललं आणि धावले. टोपली तिथेच राहिली. रस्त्याकडेच्या दगडाशी उभी राहून मी त्या धुक्यातल्या काळ्या आकाराकडे बघत राहिले. या रानात बिबट्या आहे असं लोक म्हणायचे, पण त्याचा विचार फिरकलासुद्धा नाही. मला फक्त एकच दिसत होतं, की पेंढ्याने पेट घेतला तर हे बाहेर उडी मारणार नाहीत, ट्रक वाचवत बसतील. तेवढा हट्टी माणूस दुसरा नव्हता. मी ओरडले, “अहो, जळू दे तो ट्रक! तुम्ही बाहेर या!”

“गप र्‍हा गं,” आतून आवाज आला. तो कापत होता, म्हणून मी आणखीच घाबरले.

आत काय केलं ते ह्यांनी मला नंतर सांगितलं. आधी फ्यूज पाहिला. तो शाबूत होता. मग बॅटरीतून एक वायर थेट पंख्याच्या मोटरला लावली. पंखा तसाच मरतुकडा फिरला. म्हणजे वीज पोचत होती; एकतर मोटरच गेली होती, नाहीतर विजेला परत जायला मोकळी वाट नव्हती. मग मोटरच्या अंगापासून दुसरी वायर चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, उघड्या लोखंडाला टेकवली, तेव्हा पंखा असा भणाणला की मला दगडापाशी ऐकू आला. मोटर ठणठणीत होती. दुखणं वीज परत नेणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत होतं, आणि ती जिथे बोल्टने कसली होती ती जागा माझ्या पायांशी, टोपलीच्या मागे होती.

टोपली ओढली तेव्हा ह्यांनी मला हाक मारली. मी गेले. बोल्टवर पांढरी-हिरवी बुरशी यावी तसा थर चढला होता आणि त्याला बोट लावलं तर चटका बसत होता. वीज त्या थरातून रेटारेटी करत होती आणि बोल्ट तापत होता. टोपलीच्या विणीतून बाहेर आलेला पेंढा त्याला टेकलेला. त्या काड्या करपून तपकिरी झाल्या होत्या. वर लुगडं, लुगड्यावर मघापर्यंत माझं लेकरू निजलेलं होतं. मी तिथेच पायरीवर बसून रडले आणि ह्यांनी मला गप्प बसवलं नाही.

ह्यांनी सुरीने बोल्ट खरवडून चकचकीत केला, वायर पुन्हा कसली. पंखा नीट चालला, काच साफ झाली, आम्ही ठाण्याला पोचलो. बाळाला औषध मिळालं. टोपली मात्र मी मांडीवरच धरून बसले होते, पेंढा काढून टाकून.

खरं कारण घरी सगळ्यांनाच ठाऊक होतं. आमच्याकडे दसऱ्याला ट्रक धुवायचा तो खाडीवर नेऊन, भरतीच्या पाण्याने. गोडं पाणी पिण्यालाच पुरत नव्हतं, ते लोखंडावर कोण ओतणार? आणि मीठ लोखंडाचं काय करतं हे मिठागरवाल्यांना कुणी शिकवायचं?

पुढच्या दसऱ्याला ट्रक खाडीवर गेला नाही. पेलाभर पाणी सांडलं तरी आम्हाला बोल लावणाऱ्या सासूबाईंनी विहिरीच्या गोड्या पाण्याची कळशी स्वतः डोक्यावरून आणली. फडकं ओलं करून त्या केबिनमध्ये वाकल्या, तो बोल्ट पुसला, कोरडा केला. मग पूजेचं ताट मागितलं. बॉनेटला लावायच्या आधी कुंकवाचं पहिलं बोट त्यांनी त्या बोल्टाला लावलं आणि हात जोडले.

“नातू हाय माझा,” त्या त्याला म्हणाल्या. “त्याला जप रं बाबा.”