सांग त्याले

बीटी कपाशी आली तेव्हा गावात सगळे म्हणायचे, आता अळीचा ताप संपला. काही वर्षं तो संपलाही. मग गुलाबी अळी आली. बोंड बाहेरून धडधाकट दिसायचं, फोडलं की आत किडका कापूस. त्या साली मी कपाशीच्या उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली आणि आखातात बांधकामावर गेलो. नेणारा आमच्या डोणगावकडचाच, तिकडे फोरमन होता.

आमच्या खोलीत वरच्या पलंगावर व्हिएतनामचा एक गवंडी झोपायचा. त्याला ना हिंदी येई, ना इंग्रजी. सुरुवातीला आम्ही एकमेकांकडे बघून नुसती मान हलवायचो. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, कपडे धुऊन झाल्यावर मी बादली पालथी घातली आणि भजनातला ठेका धरला. गावी मी ढोलकी वाजवायचो. वरून बासरी सुरू झाली. चाल अनोळखी, माझा ठेका चुकत होता. तेव्हा त्यानं पलंगाच्या लोखंडावर टाच आपटून ताल दाखवला. मग जमलं.

त्यानंतर शुक्रवार आमचे झाले. तो भात शिजवायचा, मी डाळ. तिखटानं त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, तरी तो पुन्हा वाटी पुढे करायचा.

एके दिवशी स्लॅबच्या शटरिंगची लोखंडी प्लेट त्याच्या उजव्या हातावर पडली. दवाखान्यातून तो दोन बोटं गमावून आला. शुक्रवारी फोरमनची मित्रमंडळी जेवायला आली होती. फोरमननं आम्हाला बोलावलं.

"वाजव म्हण त्याले. पाहू दे आमाले, कसा वाजवते आता."

मी बादली घेतली नाही. पण गवंड्याला वाटलं, लोकांना खरंच ऐकायचंय. पट्टी बांधलेल्या हातानं त्यानं बासरी धरली. भोकं झाकली जात नव्हती, नुसती हवा निघत होती. लोक हसले. त्यांना बरं वाटलं असं समजून तोही हसला आणि पुन्हा फुंकू लागला. मी त्याचा दंड धरून त्याला खोलीत नेलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोरमन माझ्याकडे आला.

"उद्या सकाळी त्याले गावी धाडून राह्यलो. सांग त्याले."

"मी कसा सांगू? त्याची भाषा मले येत नाही."

"काऊन? दोस्त हायेस ना त्याचा? मंग सांग."

"हात बरा होऊ द्या त्याचा. हलकं काम द्या."

"तुलेबी जायाचं हाये का त्याच्यासंगं?"

मी डबा झाकला आणि कामाला लागलो.

खोलीत आल्यावर मी त्याची बॅग खाली काढली, त्यात त्याचा शर्ट ठेवला, हातानं विमान उडवून दाखवलं. तो बघत राहिला. मग त्याचा चेहरा उजळला. त्यानं माझ्या छातीवर बोट ठेवलं. त्याला वाटलं, मी घरी चाललोय आणि त्याची बॅग मागतोय. मी नाही नाही म्हणत मान हलवली, त्याच्याकडे बोट दाखवलं. त्यानं माझे खांदे दाबले, शर्ट बाहेर काढला आणि रिकामी बॅग माझ्या हातात दिली. त्याच्या भाषेत तो बराच वेळ काहीतरी बोलला, बहुतेक माझ्या बायकापोरांविषयी.

सकाळी गाडी आली. फोरमननं हातातली परत धाडायच्यांची यादी न बघताच त्याला बाहेर बोलावलं आणि गाडीकडे ढकललं. तेव्हा त्याला कळलं. मी धावत बॅग भरून आणली. त्यानं ती घेतली, माझ्याकडे बघितलं नाही. काल मी सांगू पाहत होतो हे त्याला समजलं होतं, की मीही त्यांच्यातलाच वाटलो, ते मला आजतागायत कळलेलं नाही. गाडी फाटकाबाहेर गेली.

फोरमन तिथंच उभा होता. "सांगतलं नव्हतं का बे तू?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता चहा प्यायला गेला.

आठवडाभरात वरच्या पलंगावर दुसरा माणूस आला. तो चांगलं हिंदी बोलायचा. आम्ही कधी फारसं बोललो नाही.