पहिल्या नंबराचा पेन

पहिले सर कुणाला नाव विचारत नसत, टक्के विचारत. बसस्थानकावर, लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या दहाव्याला जमलेल्या पोरांनासुद्धा त्यांचा पहिला प्रश्न हाच, "किती पडले रे?" आकडा ऐकला की तो माणूस त्या आकड्यासकट त्यांच्या डोक्यात कायमचा जाऊन बसे. मी त्यांच्या लेखी एक्कावन्न टक्के होतो. आज प्राध्यापक म्हणून मिरवत असलो, तरी खरं विचाराल तर अजून तेवढाच आहे.

सर सोनपेठचे. वनस्पतिशास्त्रात विद्यापीठात पहिले आलेले, म्हणून आम्ही पोरं त्यांना पहिले सर म्हणायचो. सुवर्णपदक घरी स्टीलच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवलेलं. आणि हा सुवर्णपदकवाला माणूस आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायचा. जितके तास घ्यायचे तितकंच मानधन, उन्हाळ्यात घरी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज करायचा. कधीतरी कायम जागा निघेल, या आशेवर त्यांनी अकरा वर्षं काढली. "मार्क खोटं बोलत न्हाईत, बाबा," असं ते म्हणायचे. "आज ना उद्या संस्थावाल्याहिला मला विचारावंच लागतंय."

निकालाच्या दिवशी ते गुणपत्रिका हातात घेऊन प्रत्येक ओळीखालून बोट फिरवत. विषयात जो पहिला येई त्याला स्वतःच्या खिशातला पेन काढून देत. साधाच, काळा, सोनेरी टोपणाचा. "पह्यल्याला देतो मी," एवढंच बोलत. तो पेन मिळालेली पोरं वर्षभर खिशाला लावून हिंडायची आणि आम्ही त्यांच्यावर जळायचो.

दुसऱ्या वर्षी मी त्यांच्याच विषयात नापास झालो आणि व्हरांड्यात डोळे पुसत उभा राहिलो. "कामून रडायलास? उद्या सकाळी नदीवर ये," ते म्हणाले. सगळी सुट्टी त्यांनी मला गोदावरीच्या काठाने फिरवलं. झाडं ओळखायला लावली, पानं वाळवून कागदांवर चिकटवायला लावली. खाली नावं ते स्वतः लिहीत, कारण माझं अक्षर त्यांना बघवत नसे. "आधी पान बघ. पुस्तक कुठं पळून जायलंय?" त्या सुट्टीच्या जोरावर मी पास झालो आणि पुढे रडतखडत एम.एस्सी.ही झालो.

माझे मामा हे महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेचे सचिव. अखेर कायम जागा निघाली तेव्हा त्यांनी मला बोलावून घेतलं. "तुझं ठरलंय. पण कागदावर आनखी तीन उमेदवार दिसाया पायजेत. त्या सोनपेठच्या मास्तरला बोलव. त्याच्या मार्कानं फाइल भरदार दिसती." आमच्याकडे ही रीतच आहे. निवड एकाची झालेली असते, बाकीचे संख्येला बोलावतात, आणि हे शिपायापासून सगळ्यांना माहीत असतं. सरांनाही आजवर चार ठिकाणी असंच बोलावलं होतं. दर वेळी आपण थोडक्यात हुकलो असंच त्यांना वाटे. फोन मामांनी केला नाही, मीच केला. "सर, जागा निघालीय. तुम्ही यायलाच पाहिजे." पलीकडून उत्तर आलं, "तू सांगायलास म्हनल्यावर येतोच की."

मुलाखतीला ते सकाळच्या एसटीने आले. खळ दिलेला आकाशी शर्ट, फायलीत एकेक प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पाकिटात लावलेलं. निघताना बायकोने हातावर दही दिलंय, हेही त्यांनी हसत सांगितलं. मला रांगेत बघून त्यांना आनंद झाला. "तू बी आलास? बरं केलंस. सराव होतोय." एवढ्यावर थांबले नाहीत. "पेशीविभाजन हमखास विचारतील. सांग बरं मला." आणि मी, निर्लज्जासारखा, त्यांच्यासमोर उभा राहून पेशीविभाजन म्हणून दाखवलं.

आत मला नाव विचारलं, गाव विचारलं आणि मामांची तब्येत विचारली. सर मात्र पाऊण तास आत होते. बाहेरून आलेले तज्ज्ञ त्यांच्याशी बोलण्यात रंगून गेले होते म्हणे. बाहेर आले तेव्हा सरांचा चेहरा उजळलेला होता. "आज झालं बघ. असं कुनी विचारलंच न्हवतं आजवर."

संध्याकाळी फलकावर कागद लागला. त्यावर एकच नाव होतं, तरी सरांनी सवयीने खाली बोट धरलं, आणि ते बोट तिथंच राहिलं. मग ते माझ्याकडे वळले, खिशातला पेन काढला आणि म्हणाले, "पह्यल्याला देतो मी. घ्या, सर." सकाळपर्यंत मी 'अरे' होतो. मी तो पेन घेतला. घ्यायला नको होता, पण घेतला.

पुढची दोन वर्षं ते माझ्याच हाताखाली तास घेत होते. महिनाअखेरीला त्यांच्या हजेरीच्या कागदावर माझी सही लागायची. "सर, सही." बसा म्हटलं तर "न्हाई, तास हाय" म्हणून निघून जायचे. पोरांनी मला अवघड काही विचारलं की मी त्यांना सरांकडे पाठवायचो. मग एका जूनमध्ये सरांचा अर्जच आला नाही. त्यांनी चिकटवलेली पानं अजून आमच्या कपाटात आहेत. महाविद्यालयाच्या तपासणीला समिती आली की मी ती 'विभागाचं काम' म्हणून दाखवतो. निरोप समारंभात 'गुण म्हणजे सर्वस्व नव्हे' असं भाषणही ठोकतो. हे वाक्य म्हणणारे बहुतेक माझ्यासारखेच असतात, एवढं मात्र पोरांना सांगत नाही.

यंदा माझ्या मुलाला दहावीत शहाण्णव टक्के पडले. त्याच्या मार्कांत माझा काडीचा वाटा नाही. पेढे घेऊन मी त्याला मानवतला नेलं. सर तिथं एका कृषी सेवा केंद्रात काउंटरवर उभे असतात. शेतकरी रोग पडलेलं पान आणतात, ते बघून औषध सांगतात. मी गेलो तो पेनासाठीच. माझ्या घरात तो एकदा तरी हक्काने यावा, असं मला फार वाटत होतं.

सरांनी हात पुसले, गुणपत्रिका घेतली आणि ओळीओळीखालून बोट फिरवलं. "लय छान," ते म्हणाले. हात खिशाकडे गेला. मग मुलाकडे बघून, पूर्वी टक्के विचारायचे तितक्याच सहजपणे त्यांनी विचारलं, "मामा काय करतेत तुझे?"

"शेती," मुलगा म्हणाला.

"मग आनखी लय अभ्यास करावा लागंल, बेटा."

त्यांनी गुणपत्रिका जपून घडी करून त्याच्या हातात दिली. पेन खिशातच राहिला.