आबांनी न सांगितलेली आत्या

"याला स्किझोफ्रेनिया म्हणतात," असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा दादा दोन्ही कान दाबून बसला होता. या आजारात माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, नसलेले वैरी दिसतात, आणि त्याला ते अगदी खरे वाटतात. तोवर मी समजत होते, सणसवाडीच्या कंपनीतल्या पाळ्यांनी माझ्या भावाचं डोकं फिरलंय.

"उशिरा आणलंत," एवढंच डॉक्टर वर म्हणाले.

गोळ्यांनी आवाज कमी झाले. काही महिन्यांनी डॉक्टरांनी आम्हा घरच्यांचं रक्त मागितलं. जीन म्हणजे आईबापाकडून मुलांत उतरणाऱ्या सूचना. त्यांतल्या ज्यांवर या आजाराचा संशय, त्यांना ते कॅन्डिडेट जीन म्हणत, आणि तो संशय त्यांना पडताळायचा होता.

मला पाचवा महिना होता. मी लगेच हात पुढे केला. माझ्या बाळाला हे होईल का, एवढंच मला हवं होतं.

"ताई, ते यातून सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "एका जीनवरून आजार ठरत नाही. हे संशोधन पुढच्यांसाठी आहे."

मला रडूच फुटलं. रक्त मात्र दिलं.

मग त्यांनी कागदावर आमचं घराणं काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आत काळं भरायचं. "घरात आणखी कुणाला असा त्रास?"

"न्हाई," माझे वडील, आबा म्हणाले.

डॉक्टर दादाचा चौकोन काळा करू लागले, तसा आबांचा आवाज चिरकला. "एक बहीण व्हती मला. शेवंता. राहू गावाला दिली व्हती. सहा महिन्यांत सासरच्यांनी माघारी आणून सोडली. भिताडाशी बोलायची."

ती आमच्याच मांडवगणच्या घरात, माझ्या जन्माआधी वारली. मला तिचं नावही ठाऊक नव्हतं.

मी विचारलं, "आबा, मग दादाचं तुम्हाला कवा कळलं?"

"भिताडाकडं बघून हसला, तवाच. पर तुझी सोयरीक चालली व्हती, पोरी. पाव्हणं पार आत्या-मावशीपत्तुर चौकशी करत्यात."

स्थळं येत-जात राहिली. पूर्ण दोन वर्षं दादाला नुसते अंगारे लावले. माझ्या लग्नात त्याला ताप आलाय म्हणून सांगितलं, आणि मीही आत जाऊन बघितलं नाही. याबद्दल आबांना मी एक वेळ माफ करीन, स्वतःला नाही.

दादा आता गोळ्या घेतो, म्हशींचं बघतो. कंपनी सुटली ती सुटलीच. घरात कुणी असं वागू लागलं, तर सोयऱ्यांचा विचार बाजूला ठेवा, आधी दवाखाना गाठा. त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरत नाही. त्यांनी आत्याचं वर्तुळ काढलं, काळं भरलं आणि खाली नीट तिचं नाव लिहिलं.

माझी मुलगी माझ्या लग्नाचे फोटो काढून बसते. "आई, यात मामा कुठंय?" असं दर वेळी विचारते.

"मागच्या खोलीत," मी सांगते. "बाहेरून कडी लावली होती."